हांगाच्यान वयर

नकाशावर साईशचं घरच नाही, हे सगुण मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांच्या तोंडात ब्रश होता. विहिरीकडच्या पायरीवर बसून एका हाताने दात घासायचे आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरायचा, ही सवय त्यांना निवृत्तीनंतर लागली होती. देवकीबाई रोज एकदा तरी म्हणायच्या की एक दिवस हा मोबाइल विहिरीत जाणार आणि त्याच्या मागोमाग तुम्ही. नकाशा साईशने पाठवून दोन-तीन दिवस झाले होते. पुण्याचा एक तुकडा, मधून कालवा गेलेला, आणि त्यावर त्याने आईबाबांसाठी म्हणून निवडून लावलेल्या लाल टिकल्या. बस थांबते ती जागा होती. लॉज होता. पोहे बरे मिळतात तो गाडा, म्हातारी माणसं सकाळी चालायला जमतात ती बाग, औषधांचं दुकान, दत्ताचं देऊळ, आईसाठी साड्यांचं दुकान, बाबांसाठी जुन्या पुस्तकांचं, एक खानावळ, तिला सुट्टी असेल तर दुसरी, आणि पाय दुखले तर टेकायला सावलीतला एक बाक. बाकालासुद्धा टिकली होती. फेस हनुवटीवरून ओघळून लुंगीवर पडला तरी मास्तर टिकल्या पुन्हा पुन्हा तपासत राहिले. मग चूळ भरून घरात आले. देवकीबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही.

तसं पाहिलं तर यात सांगण्यासारखं काय होतं? पोरगा स्टँडवर न्यायला येणार, हाताला धरून घरी नेणार, त्याच्या घराला टिकली लागते कशाला? मास्तरांनी चहा पिताना स्वतःची अशी समजूत घातली आणि चहा संपायच्या आत ती उतरलीसुद्धा. धारगळच्या हायस्कुलात त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला होता. पोरांनी काढलेल्या नकाशात काय राहिलं ते शोधायचं आणि तिथे लाल गोल करायचा, हेच त्यांनी इतकी वर्षं केलं. आता डोळ्यांना दुसरं वळण लागणार नव्हतं. लॉजची टिकली त्यांनी पुन्हा उघडली. खाली साईशने लिहिलं होतं, तुमची खोली हांगा, बरी आसा, गरम उदक आसा. बरं झालं गरम पाणी आहे, मास्तरांच्या मनात आलं, आणि हे वाक्य आपल्याला लागलं आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ गेला.

पुण्याला जायचं ते मुळी घरासाठी होतं. साईश आणि स्वातीने तिथे घर घेतलं तेव्हा मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं. वास्तुशांत स्वातीच्या माहेरच्यांनी गडहिंग्लजहून येऊन आटोपली. देवकीबाईंनी फोनवर सगळे विधी नीट ऐकून घेतले, मुंडावळ्यांपासून जेवणावळीपर्यंत, आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "नारळ उरलो." त्यांच्या गावात, गोव्यातल्या पार्श्यात, नवं घर झालं की घरातल्या कर्त्या माणसाने त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायचा आणि लेकरांना सांभाळ असं गाऱ्हाणं घालायचं, तोपर्यंत घर नुसत्या भिंती. भटजी येऊन गेला म्हणून राखणदाराचा मान चुकत नाही. तो नारळ तेव्हापासून राहिला होता. साईशला विचारलं की तो म्हणायचा, पुढच्या म्हयन्यांत येयात. पुढचा महिना आला की पुढचा. मग काजूचा हंगाम आला, रस्त्याला बोंडांचा वास सुटला, आणि एके दिवशी देवकीबाईंनी परस्पर धारगळला जाऊन पुण्याच्या बसची तिकिटं काढली. पोराला कळवलं ते तिकिटं हातात आल्यावर. तेव्हा तो म्हणाला, "बरें, हांव तुमकां एक नकाशो धाडटां."

डिचोलीला दिलेली ऋतिका रविवारी आली तेव्हा तिने वडिलांना नकाशा कसा वापरायचा ते दाखवलं. दोन बोटांनी ताणला की जवळ येतो, चिमटीत धरला की लांब जातो. मास्तर ताणत बसले. "बाबा, वर उत्तर," ती म्हणाली, "तुमीच शिकयलें मरे आमकां." मास्तरांना हे आवडलं. नकाशावर घर नाही हे कळल्यावर त्यांनी तिला फोन केला. "साईशचें घर खंय गो ह्या नकाशार?"

"आसतलें, बाबा. बघात बरें."

"ना."

 मागे कुकरची शिट्टी वाजली. "तर दादाकच विचारात," ती म्हणाली, आणि तिला एकदम गॅस बंद करायचं सुचलं.

दादाला विचारणं इतकं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं. साईश फोन उचलायचा तोच घाईत. मास्तरांनी त्या संध्याकाळी बऱ्याच प्रयत्नांनी त्याला गाठला. "लॉज कित्याक रे? घर आसा न्हय?"

"तुमकां बरें पडटलें, बाबा. सकल हॉटेल आसा. आमगेर उदकाचो त्रास."

"स्वाती बरी मरे?"

"बरी." आणि मग, मास्तरांनी काही विचारलेलं नसताना, "तिका ड्युटी आसता."

नकाशावर घर का नाही, हे शब्द मास्तरांच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात देवकीबाई ओल्या हातानेच आल्या, "माका दी" म्हणत मोबाइल काढून घेतला आणि मायलेकांचं सुरू झालं. कुळथाच्या पिठीला पाणी किती, आमसुलं आधी की मागाहून. देवकीबाई मोठ्या तन्मयतेने सांगत होत्या. मास्तर बाजूला उभे राहून ऐकत होते आणि बाप होण्यात एकंदर बोलायला फार थोडं मिळतं असं त्यांना वाटत होतं. पिठीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोंडं पिळून आले तेव्हा त्यांची बोटं चिकट होती. त्याच बोटांनी त्यांनी नकाशा उघडला, अंगठा कुठेतरी टेकून राहिला आणि कालव्याच्या पाण्यात एक नवी टिकली पडली. ती काढायची कशी हे ऋतिकाने शिकवलं नव्हतं. मास्तर घाबरले, मग विसरले. दुपारी पाहिलं तर टिकली गेलेली. नकाशा दोघांचा सामाईक, इथलं तिथे दिसतं, तेव्हा साईशने पुसली असणार. म्हणजे साईश नकाशा बघत होता. तिकडे कुठल्या तरी ऑफिसात, कामाच्या रगाड्यात, फोन उचलायला ज्याला सवड नसते तो पोरगा बापाची कालव्यात पडलेली टिकली वेचायला हजर होता. मास्तरांना याचा इतका आनंद झाला की तो लपवायला ते उगाच परसात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एका मोकळ्या माळावर टिकली लावली आणि वाट बघत बसले. ही पुसली गेली नाही. तिच्याखाली अक्षरं उमटली. *हांगा कितें ना, बाबा.* इथे काही नाही. थोड्या वेळाने अक्षरं गेली, टिकलीही गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेल्वेच्या रुळांवर लावली. ती चटकन नाहीशी झाली. हा खेळ मग रोजचा झाला. दोघांपैकी कुणीही फोनवर त्याचा उच्चार केला नाही. बापलेकांचं इतक्या नियमाने बोलणं साईश शाळेत असताना तरी कुठे होत होतं?

खेळताना टिकल्यांखालचा मजकूर वाचणंही होत होतं. साईशने तो घरच्या बोलीत लिहिला होता, आईला वाचून दाखवायला सोपा जावा म्हणून असेल. खानावळ: *हांगाच्यान वयर. सोमवारी उसळ बरी.* बाग: *हांगाच्यान सकल, चलत वचूं येता.* औषधांचं दुकान: *हांगाच्या फुडल्यान.* प्रत्येक ठिकाणी हांगा. इथून वर, इथून खाली, इथल्या समोर. आणि हे हांगा कुठे, त्याचा पत्ता नाही. मास्तरांमधला मास्तर जागा झाला. संदर्भबिंदू दिल्याशिवाय दिशा सांगू नये, हे पहिल्या धड्यातलं. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. पोराने दिशाही चुकवल्या होत्या. खानावळ म्हणे इथून वर आणि बाग इथून खाली. नकाशावर पाहावं तर खानावळ आणि बाग एका आडव्या रेषेत, एक उजव्या हाताला, एक डाव्या. वर उत्तर आणि खाली दक्षिण. मग एकाच आडव्या रेषेवरच्या दोन जागा कुणाच्या वर आणि खाली कशा असतील? लॉज लॉज करता करता पोरगं दिशा विसरलं, मास्तर पुटपुटले, आणि नकळत त्यांचा हात लाल पेन शोधायला खिशाकडे गेला. खिशात तपकिरीची डबी होती.

दिशा विसरण्याची त्याची खोड जुनी. सातवीत असताना मास्तरांनी वर्गाला आपल्या गावाचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. साईशने पार्से काढलं ते कागदाच्या वरच्या अंगाला घाट, खालच्या कडेला निळ्या लाटांचा दर्या, मध्ये देऊळ, शाळा, आपलं घर, आणि कोपऱ्यात एक ऐटदार बाण. बाणाच्या टोकाशी 'वयर'. मास्तरांनी बाणाभोवती लाल गोल केला, 'उत्तर कुठे?' असं लिहिलं आणि शून्य दिलं. पोरं हसली. साईश शाळेत काही बोलला नाही. रात्री ताटावर बसल्यावर बोलला. "बाबा, वयल्या कुळागरांत वतां म्हण तुमी आईक सांगतात, तें खंय? घाटाकडेन न्हय? सकल वतां म्हणल्यार दर्याकडेन न्हय?" देवकीबाई फिसकन हसल्या होत्या. पोराचं खोटं नव्हतं; पोफळींचं ते कुळागर घाटाच्याच अंगाला होतं. त्यांच्या वाड्यावर पूर्व-पश्चिम कुणी म्हणतच नसे. घाट उंच म्हणून तिकडे वयर, दर्या सखल म्हणून तिकडे सकल. उत्तर-दक्षिण काय ती 'हेवटेन' आणि 'तेवटेन', म्हणजे या अंगाला आणि त्या अंगाला. "घरांत वयर, शाळेंत उत्तर," मास्तरांनी निकाल दिला आणि ताक मागितलं. शून्य त्यांनी बदललं नाही. ते शून्य त्यांना आजही चुकीचं वाटत नव्हतं. नकाशाला घरदार नसतं. तो सगळ्यांनाच वाचता आला पाहिजे.

आणि हे आठवता आठवताच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी मोबाइल आडवा केला, म्हणजे पूर्व वर येईल. मोबाइल आडवा झाला तसा नकाशाही आपल्या आपण फिरून सरळ झाला. उत्तर पुन्हा वर. दुसऱ्या बाजूने केला, पुन्हा तेच. ऋतिकाने असलं काही चालू करून ठेवलं असणार. शेवटी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि स्वतःची मान खांद्याला लागेपर्यंत वाकडी केली.

"मान आंखडली कितें?" देवकीबाईंनी दारातून विचारलं.

"ना. बघतां."

"बघात, बघात," म्हणून त्या गेल्या.

वाकड्या मानेने पाहिल्यावर सगळं जिथल्या तिथे बसलं. खानावळ वर, म्हणजे पूर्वेला, पार्श्यातल्या घाटाच्या अंगाला. बाग खाली, म्हणजे पश्चिमेला, दर्याच्या अंगाला. पुण्याला कुठला आलाय दर्या, पण साईश तिथे बारा वर्षं राहून अजून दर्याला पाठ करून वर चढत होता आणि दर्याकडे तोंड करून खाली उतरत होता. हे त्याच्या लक्षातही नसेल. मास्तरांनी एक कोरा कागद घेतला, खानावळीपासून बागेपर्यंत रेघ मारली, औषधांच्या दुकानावरून दुसरी खाली आणली. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना भेटल्या तिथे नकाशावर एक बारीक गल्ली होती आणि तिच्या कडेने चार-पाच करडे चौकोन. नाव नाही, टिकली नाही. एवढ्या सगळ्या टिकल्या त्या रिकाम्या जागेभोवती फेर धरून उभ्या होत्या. पोराने घर सांगायचं म्हणून टाळलं होतं, आणि प्रत्येक ओळीत घरच सांगितलं होतं.

मास्तरांना राग आला. तो खरा आणि चांगला सणसणीत राग होता. बाकाला टिकली आहे, पोह्याच्या गाड्याला आहे, बापाला दाखवायला घर तेवढं नाही. आपण असे कसे वाटतो त्याला? लुंगी नेसणारे, मोठ्याने बोलणारे, शेजाऱ्यांसमोर हांगा-थंय करणारे? पुण्यात चार माणसांत आईबापांची लाज वाटली म्हणून कुणी लॉज बघितल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या आणि ऐकताना त्या दुसऱ्यांच्या पोरांच्या होत्या. रागाच्या भरात त्यांनी ठरवलं की जायचंच नाही; तिकिटं गेली तर गेली. मग राग थोडा निवल्यावर, सवयीने, ते पुन्हा मजकूर वाचू लागले. खानावळीच्या टिकलीखाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी आधीही वाचली होती, पण उसळीच्या बाजूने. *एकट्याक बेगीन जागो मेळटा.* एकट्याला लवकर जागा मिळते. दुसऱ्या खानावळीखाली: *पयली बंद आसल्यार हांगा. रविवारी फक्त दनपारां.* रविवारी फक्त दुपारी. आणि बाकाखाली: *सांजेक हांव बसतां.* संध्याकाळी मी बसतो.

मास्तरांनी बाकाची टिकली ताणून पाहिली; बाक बागेच्या फाटकाशी होता. ज्याच्या घरात चूल पेटते तो माणूस सोमवारची उसळ आणि रविवारचं बंद दार असं पाठ करून ठेवत नाही. ज्याची बायको संध्याकाळी कामावरून घरी येते तो घराच्या खाली, बागेच्या फाटकाशी, बाकावर जाऊन बसत नाही. स्वातीने शेवटचा फोन कधी उचलला होता? चवथीला, गणपतीत, साईश एकटा आला. तिला रजा नाही, म्हणाला. चवथीला सून नाही म्हटल्यावर वाड्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण देवकीबाईंनी मूर्तीवरची फळापानांची माटोळी बांधायला त्यालाच शिडीवर चढवला आणि दिवसभर खाली उतरू दिला नाही. त्याआधीच्या मे महिन्यात ती आली होती ती दोन दिवस; गडहिंग्लजचा तांबडा रस्सा तिने केला, मास्तरांना घाम फुटला, ती हसून हसून दमली. भांडण झाल्यासारखं तेव्हा काही दिसलं नव्हतं. पण त्यांना दिसणार काय? त्यांना नकाशातलं राहिलेलं दिसायचं. घरातलं त्यांना नेहमीच सांगावं लागे.

लाज आईबापांची नव्हती तर. घर दाखवलं की एका माणसाचं ताट दिसलं असतं, दोरीवर एकाचेच कपडे दिसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची; पोराने मूठ झाकली होती आणि वरून टिकल्या लावल्या होत्या. मास्तरांना त्याची माया आली. साईशला आपण शेवटचं जवळ कधी घेतलं, हे त्यांनी आठवून पाहिलं आणि आठवलं नाही. कालव्यात पडलेली टिकली त्याने वेचली त्या दुपारी तो कुठे बसला असेल? ऑफिसात? की त्या बाकावर? आणि आता ते तिथे जाऊन काय करणार होते? लॉजच्या खोलीत गरम पाण्याने आंघोळ करून, देऊळ बघून, देवकीबाईंना साडी घेऊन, पोराबरोबर खानावळीत उसळ खाऊन परत येणार? नारळ कुठे ठेवणार? गाऱ्हाणं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. बा हांगाच्या राखणदारा म्हाराजा, हीं लेकरां तुज्या पदरांत रावपाक आयल्यांत. त्यातलं 'लेकरां' आता 'लेकरू' करावं लागणार होतं. आणि हांगा म्हणजे कुठल्या जागेचा राखणदार? लॉजचा? लॉजच्या राखणदाराने विचारलं असतं, आगाऊ भाडं भरलंय का.

देवकीबाईंचं सामान दोन दिवस आधीच बांधून झालं. कुळथाचं पीठ, आमसुलं, घरच्या काजूबिया, जवळच्या चोपड्याहून आणवलेल्या सुंगटांचं मोल, म्हणजे कोलंबीचं लोणचं, बाटलीत घालून वर फडकं बांधलेलं, आणि सगळ्यांच्या मध्ये, कपड्यांत गुंडाळून, शेंडीचा नारळ. मास्तर बाजूला बसून बघत होते. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर ती बस लागायच्या आत पोराला फोन लावणार, रडणार, त्याला रडवणार. न सांगितलं तर ही बाई लॉजच्या दारात नारळ घेऊन उभी राहणार. "आमी रावतलों खंय?" त्यांनी विचारून पाहिलं, तिला काय वाटतंय ते बघायला.

"घरा," देवकीबाई म्हणाल्या. "खंय म्हणजे?"

"ना, तो लॉज म्हणतालो."

"म्हणूं दी," त्या म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली, तेव्हा त्यांनी मास्तरांना बॅगेवर बसायला लावलं.

निघायच्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा पायरीवर बसले. दात घासून झाले होते. आज हात त्यांनी साबणाने धुऊन पुसले, चष्मा पुसला, नकाशा जेवढा ताणता येईल तेवढा ताणला, आणि त्या बारीक गल्लीतल्या करड्या चौकोनांपैकी मधल्यावर बोट दाबून धरलं. टिकली पडली. खाली लिहायला जागा आली. काय लिहावं? इतकी वर्षं पोरांच्या नकाशांवर ते सरळ लिहीत आले होते, चूक, अपूर्ण, पुन्हा काढा. आता एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं, *नारळ हांगा?* आणि प्रश्नचिन्ह नीट आलं की नाही ते दोनदा पाहिलं.  पोराच्या झाकल्या मुठीवर आपण बोट ठेवलं हे त्यांना कळत होतं. आता ही टिकली पुसली गेली तर लॉज. मग तिथे जायचं, गरम पाण्याचं कौतुक करायचं, आणि त्याला एका शब्दानेही विचारायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं.

टिकली पुसली गेली नाही. दुपारी जेवताना होती. वामकुक्षी त्यांनी उशाशी मोबाइल ठेवून केली, म्हणजे केली नाहीच, तेव्हाही होती. रुळांवरची टिकली चटकन वेचणारा पोरगा आज काय करत होता? पुसलीही नाही आणि खाली अक्षरही नाही. बघितलीच नसेल? बघून तसाच बसला असेल? नाही म्हणायलाही तोंड लागतं, आणि हो म्हणायलाही. रिक्षा आली, सामान चढलं, पार्श्याहून धारगळपर्यंत देवकीबाई रिक्षावाल्याला कुणाच्या काजूंना यंदा किती बोंडं धरली ते सांगत गेल्या. मास्तरांच्या हातात मोबाइल होता आणि खड्ड्यांमुळे त्यातलं पुणे सारखं हिंदकळत होतं.

हमरस्त्याच्या कडेला बसची वाट बघत ते उभे राहिले तेव्हा ऊन उतरलं होतं. समोरून विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. देवकीबाई बॅगेवर बसल्या आणि पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे पाव चेपले तर नाहीत ना, ते पिशवीत हात घालून चाचपू लागल्या. मास्तरांनी नकाशा उघडला. गल्ली आली. करडे चौकोन आले. मधल्या चौकोनावर टिकली नव्हती.

 ठीक आहे, ते मनात म्हणाले. लॉज तर लॉज. गरम पाणी आहे. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं, आणि चष्म्याची काच पुसायला त्यांनी उपरण्याचं टोक शोधलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून नकाशा मिटणार तोच त्यांना ती दिसली. टिकली पुसलेली नव्हती. सरकवलेली होती. गल्लीच्या पलीकडच्या अंगाला, त्यांनी लावली होती त्याच्या समोरच्या इमारतीवर, जरा सकल. त्यांचं उत्तर चुकलं होतं एका गल्लीने, आणि साईशने ते खोडलं नव्हतं, दुरुस्त केलं होतं. खाली लिहिलं होतं: *हांव एकटोच आसां, बाबा. दुसरो माळो. लिफ्ट ना. सवकास वयर येयात.*

मास्तरांनी ते मनात पुन्हा वाचलं. मग घसा खाकरून देवकीबाईंना वाचून दाखवलं, पहिलं वाक्य गाळून. "साईशान बरयलां. दुसरो माळो. लिफ्ट ना. सवकास वयर येयात."

देवकीबाईंनी पिशवीतला हात काढला नाही. "आनी एकटो आसां म्हण बरोवंक ना?"

मास्तरांनी मोबाइल खाली केला. "तुका कोणें सांगलें?"

"सांगूंक कित्याक जाय? बायल घरांत आसलेलो दादलो आवयक फोन करून पिठयेक उदक कितलें म्हण विचारता?" बाजारात मासे महागले हे सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी एक उंडा उगाच पिशवीबाहेर काढला होता आणि तो पुन्हा आत ठेवायला विसरल्या होत्या. "चवथीसून खबर आसा माका. स्वातीचे ओटीचो खण कपाटांतच दवरून आयल्यां. तुमकां सांगूंक ना. तुमी नकाशे बघतालात."

 मास्तरांनी बायकोच्या हातातला उंडा घेतला आणि नीट पिशवीत ठेवला. बस आली, ब्रेकचा लांबलचक आवाज करत थोडी पुढे जाऊन थांबली. क्लीनर उडी मारून खाली उतरला, बॅग डिकीत टाकायला उचलली, तेव्हा देवकीबाईंनी ती त्याच्या हातातून सोडवून घेतली; आत नारळ आहे, मांडीवर घेणार म्हणाल्या. "घ्या," तो म्हणाला. "काका, पुण्यात कुठं उतरायचं तुम्हाला?"

मास्तरांनी मोबाइल त्याच्यासमोर धरला. चुकून आणखी एक टिकली पडू नये म्हणून बोट काचेपासून जरा वरच ठेवत त्यांनी दाखवलं.

"हांगा," ते म्हणाले.